दोनशे माणसांचा राजा आणि बावन्न अब्ज तुकड्यांची जमीन

२०० माणसं. बस, एवढीच! ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकावरच्या खेळात राजा कितीही पराक्रमी असो, त्याच्या पदरी साधारण २०० चीच मर्यादा. लाकूडतोडे त्यातच, शेतकरी त्यातच, घोडेस्वार त्यातच, आणि लढाऊ गलबतंसुद्धा त्यातच मोजायची.

या खेळात एक व्हायकिंग आहे. इतिहासातला आणि दंतकथेतलाही. त्याचं नाव एरिक द रेड, म्हणजे तांबडा एरिक. सन २००० मध्ये आलेल्या पुरवणीत खेळणारा त्याचं बोट धरून अटलांटिक ओलांडतो. आणि २०२२ मध्ये त्याच खेळात आपल्या दक्षिणेतला एक दर्याराजा उतरला. तंजावरचा राजेंद्र चोळ! त्याच्या नावाची पाच टप्प्यांची आख्खी मोहीम आहे. तिरिसडै नावाची भरभक्कम लढाऊ जहाजं दिमतीला आहेत. जगभरातली मुलं माऊस फिरवून त्याचं आरमार बंगालच्या उपसागरात लोटतात.

पण २०० च्या मर्यादेत हा राजा मावेल? चला, पडद्यातून बाहेर पडू आणि त्याला मोजून पाहू. हाताशी मापं आपलीच घेऊ: मालगाडी, एसटी, विहीर, तोळा आणि मुंबई-पुणे.

आधी तारखा बघा, त्याच थक्क करतात. साल ९८५. तंजावरात राजेंद्राचे वडील राजराज गादीवर बसतात. जवळपास त्याच सुमारास, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, तांबडा एरिक आइसलँडहून ग्रीनलँडकडे वसाहत करायला निघतो. जुन्या कथा सांगतात की त्याच्याबरोबर २५ गलबतं निघाली आणि पोचली १४. अकरा गलबतं एक तर माघारी फिरली, नाहीतर समुद्राने गिळली! पुढे त्याचा मुलगा लेफ आणखी पश्चिमेला गेला. मग येतं साल १०२१. त्या वर्षी व्हायकिंगांनी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर लोखंडी हत्याराने झाडं तोडली. वर्ष अगदी नेमकं, कारण २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी लाकडातली वर्तुळं मोजून ते काढलं. हजार वर्षांपूर्वीच्या ओंडक्यावर तारखेचा शिक्काच म्हणा! त्यानंतर चारच वर्षांनी, १०२५ मध्ये, राजेंद्राचं आरमार पूर्वेला निघालं. आणि आजवर सापडलेलं सर्वांत लांब व्हायकिंग जहाज कधीचं? डेन्मार्कमधल्या रोस्किल्डचं, बांधणी १०२५ च्या सुमाराची! लांबी ३६ मीटरहून जास्त. तीन एसटी बस एकीला एक चिकटून उभ्या करा, तेवढं ते जहाज. एकाच काळात, एकाच पृथ्वीवर, दोन समुद्र एकदम जागे झाले होते.

आता अंतर मोजू. ग्रीनलँडच्या वसाहतीपासून न्यूफाउंडलंडच्या त्या ठिकाणापर्यंत सरळ रेषेत सुमारे १,२०० किलोमीटर. मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरा. म्हणजे आठ वेळा मुंबई-पुणे. छाती दडपली ना? आता नागपट्टणम् घ्या, चोळांचं मोठं बंदर. तिथून मलायाच्या किनाऱ्यावरचं कडारम्, म्हणजे आजचं केडा. अंतर सुमारे २,३०० किलोमीटर. पंधरा वेळा मुंबई-पुणे! वाटेत लोणावळा नाही, खालापूरचा थांबा नाही, चिक्की नाही, वडापाव नाही. आहे ते फक्त पाणी, आणि तेही खारट.

मग गोडं पाणी? तेही मोजू. माणशी रोज तीन लिटर धरा आणि महिनाभराची बेगमी धरा. हजार माणसांना लागलं ९०,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर घेतला तर नऊ टँकर! पण तेव्हा टँकर कुठले, तेव्हा विहीर. वीस फूट रुंद आणि साडेदहा फूट पाणी असलेली विहीर तळापर्यंत उपसली की साधारण एवढं पाणी निघतं. म्हणजे दर हजार माणसांमागे एक आख्खी विहीर गलबतावर चढवायची! माणशी रोज अर्धा किलो तांदूळ धरला तर महिन्याचे झाले १५० क्विंटल. पन्नास किलोची ३०० पोती. आता सैन्य पाच हजारांचं धरा. पाच विहिरी आणि पंधराशे पोती. दहा हजारांचं धरा. दहा विहिरी आणि तीन हजार पोती! शत्रू दिसायच्या आधीच केवढी ही लढाई, आणि ती जिंकायची कुणी? कोठीवाल्यांनी, पखालवाल्यांनी, हिशेबनिसांनी.

आणि हे आरमार एखादं बंदर लुटून परतलं का? छे! तंजावरच्या देवळातला शिलालेख जिंकलेल्या ठिकाणांची यादीच देतो. श्रीविजय, पन्नै, मलैयूर, इलंगाशोकम्, तलैत्तक्कोलम्, इलामुरिदेशम्, नक्कवारम्, कडारम्... मोजत गेलात तर तेरा नावं भरतात. नक्कवारम् म्हणजे आपलं निकोबार. इलामुरिदेशम् सुमात्राच्या वरच्या टोकाला, तर श्रीविजयाची राजधानी पालेंबांग पार खालच्या अंगाला. या दोहोंत १,४०० किलोमीटर. मुंबईहून राजधानी एक्सप्रेसने दिल्ली गाठायची तर १,३८४ किलोमीटर होतात. म्हणजे घरापासून पंधरा मुंबई-पुणे दूर जायचं, आणि तिथे मुंबई-दिल्लीएवढ्या लांबीच्या मुलखात छापे घालायचे! त्यांत श्रीविजयाचा राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन् पकडला गेला आणि त्याच्या नगरीचं रत्नजडित तोरणद्वार विजयाची खूण म्हणून हाती आलं.

समुद्राने दम लागला असेल तर जमिनीवर या. समुद्रस्वारीच्या थोडं आधी राजेंद्राचं सैन्य उत्तरेला गंगेपर्यंत गेलं. कशासाठी? गंगेच्या पाण्यासाठी! तिथून चोळांच्या मुलखापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर वारी २५० किलोमीटर धरली तर जवळपास सात वाऱ्या, एकीला लागून एक! आणि नुसतं चालणं नाही. चोळांचा ताम्रपट सांगतो की हरलेल्या राजांच्या डोक्यावर गंगाजलाचे कलश देऊन ते आणवलं. वारीच्या चालीने, म्हणजे दिवसाला बारा-साडेबारा किलोमीटरने, चाललं तर एका बाजूला साडेचार महिने. साडेचार महिने डोईवर गंगा!

आणि त्या पाण्याचं केलं काय? तलाव! राजेंद्राने ‘गंगा आणणारा चोळ’ अशा अर्थाचं गंगैकोंडचोळपुरम् हे नवं नगर वसवलं आणि त्याच्याजवळ चोळगंगम् खोदवला. ताम्रपटाने त्याला पाण्याचा विजयस्तंभ म्हटलं. दगडाचा नव्हे, पाण्याचा! त्याचा बांध १६ मैल लांब होता अशी नोंद आहे. सोळा मैल म्हणजे २५ किलोमीटरहून थोडं जास्तच. दादरला लोकलमध्ये बसा, कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं, मुलुंड गेलं, ठाणं आलं, तेव्हा कुठे बांध संपला! आता आपणच एक अंदाज बांधू. बांधाच्या पोटात पाणी नुसतं एक किलोमीटर रुंद धरा आणि खोली सरासरी तीन मीटर. झालं साडेसात कोटी घनमीटर. टीएमसीत सांगायचं तर अडीचहून जास्त, म्हणजे पुणेकरांच्या खडकवासला धरणाचा वापरता साठा पूर्ण भरून ओसंडेल. आणि मघाचीच विहीर माप म्हणून घेतली तर? आठ लाखांहून जास्त विहिरी! एका राजाच्या हौसेत आठ लाख विहिरी!

पण थांबा. हे सगळं उभं राहिलं बापाच्या पायावर. तंजावरला चला.

बृहदीश्वराचं देऊळ. राजराजाने १०१० मध्ये पूर्ण केलं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, २१६ फूट उंच. गेट वे ऑफ इंडिया ८५ फूट, म्हणजे एकावर एक अडीच गेट वे! दहा फुटांचा मजला धरला तर एकविसाव्या मजल्यावरचा माणूस खिडकी उघडून कळसाशी बोलेल. आणि हे सगळं ग्रॅनाइटमध्ये, ज्याला कुठलाही पाथरवट हात जोडतो त्या दगडात. देवळाला लागलेल्या दगडाचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे १,३०,००० टनांचा.

एक लाख तीस हजार टन! हा आकडा तोंडात घोळवून चालायचं नाही, त्याला रुळावर आणू. रेल्वेच्या एका वाघिणीत साठ टन माल भरा. लागल्या २,१६७ वाघिणी. अठ्ठावन्न वाघिणींची एक मालगाडी केली तर ३७ मालगाड्या! या वाघिणी एकीमागे एक जोडल्या तर २३ किलोमीटर. पुन्हा आपलं दादर-ठाणे! फाटकावर उभे राहिलात तर मालगाडी संपेपर्यंत घरचा स्वयंपाक होऊन जेवणंही उरकतील.

पण राजराजाकडे वाघीण कुठली? बैलगाडी होती. एका गाडीत अर्धा टन धरा. लागल्या २,६०,००० गाड्या. बैलांसकट एका गाडीला सहा मीटर जागा दिली तर रांग १,५६० किलोमीटरची! पहिला गाडीवान दिल्लीला पोचून बैल सोडेल, तरी मुंबई-पुणे भरून उरेल एवढी शेपूट मुंबईतच खोळंबलेली असेल. आणि तंजावरच्या अवतीभवती हा दगडच नाही! कावेरीचा गाळ, भाताची खाचरं, चिखल. दगड आणायचा तो तिरुचिरापल्लीच्या बाजूने, पन्नास-पन्नास किलोमीटरवरून.

वेळ किती लागला? साधारण सात वर्षं. भागाकार करा. रोज ५१ टन! रविवार नाही, पोंगल नाही, दिवाळी नाही, पाऊस नाही. दिवसरात्र धरलं तरी दर अठ्ठावीस मिनिटांना एक टन दगड जागेवर बसला पाहिजे. तुम्ही हे पान वाचून चहा घ्याल तेवढ्यात आणखी एक टन चढला!

आणि माथ्यावर? माथ्यावर तो प्रचंड घुमटाकार दगड. पिढ्यान्पिढ्या त्याचं वजन ८० टन सांगितलं जातं. चार टनांचा हत्ती धरा, मग वीस हत्ती. वीस हत्ती एकविसाव्या मजल्यावर! तो चढवला कसा? तिथली परंपरा सांगते की सहा किलोमीटरवरच्या सारपळ्ळम् गावापासून मातीचा चढाव रचला. सहा किलोमीटरात ६६ मीटर चढायचं, म्हणजे ९१ ला एक. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला एक आहे, तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावून रेटावं लागतं. तंजावरचा चढाव त्याच्या निम्म्याहून सौम्य. हत्तींना झेपेल असा! पण त्या चढावाची माती मोजा. रुंदी नुसती दहा मीटर, बाजूचा उतार सोडूनच दिला, तरी जवळपास वीस लाख घनमीटर. आजच्या दहा घनमीटरच्या डंपरच्या दोन लाख खेपा. एक दगड चढवायला दोन लाख डंपर माती, आणि काम झाल्यावर ती सगळी पुन्हा उपसायची!

आता खेळाकडे एक नजर टाका. तिथे ‘आश्चर्य’ म्हणावी अशी सर्वांत भव्य इमारत बांधायची तर १,००० लाकूड, १,००० दगड आणि १,००० सोनं मोजावं लागतं. खेळातला एक दगड म्हणजे एक टन, असं उदार मनाने धरू. तंजावरच्या एका देवळात खेळातली १३० आश्चर्यं मावतात!

सोनंही मोजू. राजराजाने या देवळाला दिलेलं सोनं त्याने भिंतीवर कोरून ठेवलं. बेरीज साधारण ४१,५०० कळंजु. आजच्या मापात १८५ किलोच्या आसपास. तोळ्यात? जवळपास १६,००० तोळे! मुलीच्या लग्नात पाच तोळे घालणारा बाप डोळ्यांसमोर आणा. असे ३,२०० बाप, ३,२०० मांडव, ३,२०० वरातींचं सोनं एका देवळाला! दहा ग्रॅमला लाख रुपये धरले तर १८५ कोटी. आणि हे फक्त सोनं. चांदी, रत्नं, भाताची शेतं वेगळी. १९५४ मध्ये रिझर्व्ह बँकेने १,००० रुपयांची नोट काढली तेव्हा तिच्यावर हे देऊळ छापलं. देवळाला १,००० वर्षं झाली तेव्हा १,००० रुपयांचं नाणं काढलं. हजाराशी या देवळाची गट्टीच आहे!

पण आता भिंतीजवळ या. अगदी जवळ, नाक टेकेल इतकं. कारण इथे खेळाची २०० ची मर्यादा फुटते.

राजराजाने चोळमंडळातल्या निरनिराळ्या देवळांतून नर्तकी तंजावरात आणून वसवल्या. किती? ४००! एकट्या नर्तकीच खेळातल्या आख्ख्या राज्याच्या दुप्पट. प्रत्येकीला एक घर, प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (कलम हे तिथलं धान्याचं माप) भाताचा वाटा. चारशे गुणिले शंभर, वर्षाला ४०,००० कलम भात. आणि नुसती संख्या कोरून तो थांबला नाही. एकेकीचं नाव कोरलं. ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली ते कोरलं. तिचा पत्ता कोरला: दक्षिण गल्ली, दक्षिण बाजू, पहिलं घर. मग दुसरं घर. मग तिसरं. चारशे नावं, चारशे पत्ते, ग्रॅनाइटमध्ये! हजार वर्षं लोटली. आजचा पोस्टमनही पिशवी घेऊन निघाला तर दार चुकणार नाही.

याच देवळात आपलीही भिंत आहे. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी राजे यांनी तंजावर घेतलं आणि मग १८५५ पर्यंत, म्हणजे १८० वर्षं, तिथे मराठ्यांचं राज्य राहिलं. १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास याच आवारात मराठीत कोरवला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. राजराजाच्या कळसानंतर ७९३ वर्षांनी मराठी छिन्नी त्याच देवळात चालली! शेजारी सरस्वती महाल ग्रंथालयात ३,००० हून जास्त मराठी हस्तलिखितं. तंजावरचा दगड आणि तंजावरचा कागद, दोघांनीही आपली नोंद ठेवली.

आणि आता शेवटचा आकडा. श्वास घ्या. कारण आतापर्यंत आपण मोठं मोठं मोजलं, आणि हा आकडा आहे लहानाचा.

राजराजाने राज्यातली जमीन मोजवली. मोजायचं एकक वेली, सुमारे साडेसहा एकर. वेलीचे ३२० भाग केले. त्यातल्या एका भागाचे पुन्हा ३२०. त्यातल्या एकाचे पुन्हा ३२०. त्याचे परत ३२०. तरी समाधान नाही, त्याचेही पाच! तंजावरच्या शिलालेखांतल्या सारावसुलीच्या हिशेबात जमीन वेलीच्या ५२,४२,८८,००,००० व्या भागापर्यंत उतरते.

बावन्न अब्ज बेचाळीस कोटी अठ्ठ्याऐंशी लाख! एकेका भागाला रुपया ठेवला तर ५,२४२ कोटी रुपये, एका वेलीवर. हे भाग नुसते मोजायचे ठरवले, सेकंदाला एक, न जेवता, न झोपता, तर १,६६१ वर्षं लागतील. राजराजाने देवळावर कळस चढवला त्या १०१० साली कुणी मोजायला बसला असता, तर आज तो दोन तृतीयांशही पोचला नसता. उठला असता २६७१ मध्ये! आणि असा एक भाग केवढा? अर्धा चौरस मिलिमीटर. मोहरीचा दाणा जमिनीवर ठेवा. त्याच्याखाली अशी सहा शेतं झाकली जातील, आणि चोळांच्या वहीत सहाही वेगळी लिहिता येतील!

आता सगळं एकदम डोळ्यांसमोर आणा. ३७ मालगाड्या दगड. २,६०,००० बैलगाड्या. दोन लाख डंपर माती. १६,००० तोळे सोनं. आठ लाख विहिरी पाणी. डोईवर गंगा घेऊन सात वाऱ्या. समुद्रातून पंधरा मुंबई-पुणे. तेरा ठाणी. हे सगळं कशाच्या बळावर उभं राहिलं? तलवारी सगळ्यांकडे होत्या, एरिककडेही होत्या आणि कमी धारेच्या नव्हत्या. गलबतंही दोघांकडे होती. पण २१६ फुटांचं विमान दर अठ्ठावीस मिनिटांना एक टन या वेगाने चढवायचं, हजार माणसांमागे एक विहीर समुद्रावर न्यायची, ४०० जणींना ४०० दारं नेमून द्यायची, तर मोजणारा हवा. मोहरीच्या दाण्याखालची सहा शेतं वेगळी ओळखणारा हवा. ज्यांनी अर्धा चौरस मिलिमीटर सोडला नाही, त्यांनाच २,३०० किलोमीटरचा समुद्र झेपला!

तेव्हा खेळ जरूर खेळा. तांबड्या एरिकला अटलांटिकपार न्या, राजेंद्राचं आरमार कडारम्‌ला भिडवा. आणि एकदा तंजावरला जा. मान वर करून कळस बघा, मग मान खाली करून भिंत बघा. खेळातला राजा २०० वर थांबतो. इथे मात्र ४०० घरांच्या रांगेत पहिल्या घरापासून सुरुवात होते, आणि मोजणी अजून भिंतीवर चालूच आहे.